सुट्टीत उरकायचं ऑपरेशन

या आठवड्यात आमच्या कतारमधल्या मेसईदच्या मराठी ग्रुपवर एकाच संध्याकाळी दोन निरोप आले. पहिल्यात एका सहकाऱ्याच्या आईचे दोन्ही गुडघे पुण्यात बदलल्याची बातमी होती. सोबत एक्स-रे, वॉकर धरून उभ्या आजींचा फोटो आणि नवा सांधा कुठल्या धातूचा आहे याचं वर्णन. दुसरा निरोप दीड ओळीचा : 'वैयक्तिक कारणामुळे गणपतीच्या कामातून मला मोकळं करावं.' हे गृहस्थ महिन्याची सुट्टी संपवून नुकतेच परतलेत. कारण काय ते ग्रुपमधल्या निम्म्या पुरुषांना ठाऊक आहे आणि उरलेल्यांना यथावकाश कळेलच, कारण पन्नाशी त्यांचीही उलटली आहे. तरी गुडघ्यांवर अभिनंदनाचा पाऊस आणि या निरोपाखाली चार अंगठे.

ते कारण म्हणजे प्रोस्टेट. माझ्या प्रोस्टेटची कहाणी जुन्या वाचकांना माहीत आहे, ती परत सांगत नाही. 'सकाळच्या चहाबरोबर हे वाचायचं का?' असं तेव्हा संपादकांना विचारणाऱ्यांनी आजही खुशाल पान उलटावं.

गुडघा ही आपल्याकडे सार्वजनिक मालमत्ता आहे. वाजपेयींचा एक गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि दुसरा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला, तेव्हा न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावतांचं नाव घरोघरी पोचलं. पंतप्रधान आता जिना कसा चढतात यावर आमच्या कँटीनमध्ये परिसंवाद झडत. आता सांगा, मनमोहन सिंग यांच्या प्रोस्टेटची शस्त्रक्रिया कधी झाली? १५ सप्टेंबर २००७, दिल्लीच्या एम्समध्ये. आदल्या रात्री डर्बनला भारत-पाकिस्तान सामना बरोबरीत सुटून बोल-आउट झाला होता. त्यातला कोणता चेंडू यष्टीला लागला आणि कोणता नाही, हे मंडळी आजही सांगतात. सिंगांची जानेवारी २००९ ची बायपासही सगळ्यांच्या लक्षात आहे, कारण ती मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडांनी केली. प्रोस्टेटची बातमी कुणी दडवली नव्हती. रीतसर छापून आली होती. आपणच ती वाचून बाजूला ठेवली.

दडवणारेही आहेत. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया करून घेतली आणि राष्ट्राध्यक्षांनाही पत्ता लागू दिला नाही. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी संसर्गामुळे पुन्हा रुग्णालय गाठावं लागलं आणि पुढे जाहीर माफी. अण्वस्त्रांच्या साखळीत बसलेला माणूस, पण लाज आमच्या प्लँटवरच्या फिटरइतकीच. त्याच जानेवारीत ब्रिटनच्या राजे चार्ल्सनी आपली प्रोस्टेट वाढल्याचं सांगून टाकलं आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या त्या विषयावरच्या पानावर वाचकांची रीघ लागली.

आता घरातलं बघा. आईचा गुडघा बदलायचा ठरला की सहा महिने आधीपासून मोहीम सुरू होते. वजन कमी कर, मांडीचे स्नायू बळकट कर, साखर आटोक्यात आण. भारतीय बैठकीवर कमोडची खुर्ची येते, बाथरूममध्ये धरायला दांडा लागतो, सतरंज्या गुंडाळून माळ्यावर जातात. फिजिओथेरपिस्ट घरी येतो. मग रोजचा अहवाल : आज सत्तर अंश वाकला, आज नव्वद. सून मस्कतला, लेक न्यू जर्सीला, पण अंश सगळ्यांना पाठ. बाबांची प्रोस्टेट मात्र 'दुर्बिणीतून आहे, दोन दिवसांत घरी' एवढ्यावर निघते. काय काढणार, किती काढणार, नंतर काय होणार, कुणी विचारत नाही. बाबाही नाही.

खरं तर प्रोस्टेटची ऑपरेशनं दोन वेगवेगळी आहेत आणि घरी जाऊन एकाच वाक्यात सांगितली जातात. साध्या वाढीसाठी दुर्बिणीतून आतला गर खरवडतात, साल तशीच राहते. नळी बहुधा एक ते तीन दिवसांत निघते. नंतर काही आठवडे घाई होते, क्वचित कपडे ओले होतात, पण कायमची गळती विरळाच. कॅन्सरसाठी मात्र अख्खी ग्रंथी काढून मूत्राशय खालच्या मूत्रनलिकेला शिवतात आणि नळी साधारण एक ते दोन आठवडे असते. लघवी धरायला निसर्गाने दोन झडपा दिल्या आहेत. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली वरची झडप या शस्त्रक्रियेत कामातून जाते. आयुष्यभर मदतनीस म्हणून राहिलेल्या खालच्या झडपेवर एका दिवसात सगळा प्लँट येऊन पडतो. नळी काढली की बहुतेकांना गळतं. उठताना, खोकताना, हसताना, आणि संध्याकाळी स्नायू थकल्यावर जास्त. रात्री आडवं असताना लवकर कोरडं राहतं, दिवसा उशिरा. बहुतेकांचं तीन ते सहा महिन्यांत बरंच सुधारतं, काहींना वर्ष लागतं.

आता आखातातला हिशोब मांडा. सुट्टी चार आठवड्यांची. पहिला आठवडा तपासण्या आणि नातेवाईक, मग ऑपरेशन, मग नळी. नळी निघते तेव्हा परतीचं तिकीट आठ-दहा दिवसांवर आलेलं असतं. म्हणजे गळती सर्वांत जोरात असताना हा माणूस दोह्याच्या विमानात बसतो आणि पुढच्या सकाळी कव्हरॉल चढवून मेसईदच्या बसमध्ये. फिकट निळ्या कापडावर ओल किती दुरून दिसते हे मी सांगायला नको. रोबोटने केलं, एवढं मात्र तो अभिमानाने सांगतो. रोबोटचं कौतुक मलाही आहे, डेट्रॉइटला डॉ. मणी मेनन यांनी ही पद्धत रुळवली, ते मूळचे आपल्या केरळचे. पण रोबोट बसमध्ये शेजारी बसायला येत नाही.

गुडघ्यासारखीच पूर्वतयारी इथेही असते, फक्त कुणी करून घेत नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ऑपरेशनच्या काही आठवडे आधीच ओळखून ठेवायचे. वारा अडवताना जे आवळतो ते आत-वर ओढायचं. पोट, मांड्या, नितंब सैल, श्वास चालू. पाच ते दहा सेकंद धरायचं, तितकाच वेळ सोडायचं, असं दहादा, दिवसातून तीनदा. नळी असेपर्यंत बंद, निघाल्यावर डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू. आणि खुर्चीतून उठण्याआधी, खोकण्याआधी एकदा आवळायचं, ही सवय सर्वांत मोलाची. लघवीची धार मधेच तोडून रोज सराव करणारे वीर मला भेटले आहेत. तसं करू नका. हा व्यायाम लॉस एंजेलिसच्या आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडला, तो बाळंतिणींसाठी. ते स्त्रीरोगतज्ज्ञ होते. आपल्या योगवर्गातला मूलबंध याच्या जवळचा, पण त्या वेळी पुरुष मंडळी शवासनाची वाट बघत असतात.

बाकी तयारी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच राहते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना सांगा, आपल्या मनाने थांबवू नका. लघवीत संसर्ग असेल तर आधी बरा करा. सिगारेट सोडा, कारण खोकला प्रत्येक ठसक्याला हिशोब मागतो. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही, आणि आपल्या बॅगेतलं लोणचं-पिठांचं वजन हेही जडच. नळी काढायच्या दिवशी पॅड सोबत घेऊन जा. पुरुषांसाठी वेगळे मिळतात. बायकोचं सॅनिटरी पॅड मासिक पाळीसाठी बनवलेलं असतं, लघवीचा लोंढा ते धरत नाही. ताप आला, रक्ताच्या गुठळ्या पडल्या किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी रुग्णालय.

आणि गुडघ्याला जसे अंश, तसं यालाही मोजमाप आहे. दिवसाला किती पॅड लागले ते लिहा. फार चिकाटी असेल तर कोरडं आणि ओलं पॅड स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलीटर. महिन्याने आकडा उतरलेला दिसतो. वर्षभरात उतरलाच नाही तरी रस्ता संपत नाही : आतून आधार देणारी पट्टी असते, कृत्रिम झडप बसवता येते. तसली पहिली झडप ब्रँटली स्कॉट यांनी ह्यूस्टनला १९७० च्या दशकात बसवली.

सर्वांत मोठी चूक पाण्याची. गळू नये म्हणून पाणी तोडतात. आमच्या प्लँटच्या प्रत्येक मुतारीवर लघवीच्या रंगांचा तक्ता लावलेला आहे, फिकट पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत, उन्हाळ्यात पाणी किती प्यावं हे कळायला. रंगावर सुरक्षा बैठकीत भाषणं होतात. गळतीवर नाही. घट्ट लघवी मूत्राशयाला चावते, घाई वाढते, आणि जूनच्या मेसईदमध्ये पाणी तोडणारा दुसऱ्याच कारणाने रुग्णालयात जातो. तोडायचंच तर चहा तोडा.

सुट्टी वाया घालवायची गरज काय, हे मला अजून कळलेलं नाही. सरकारी तेलकंपन्यांचे नियम वेगळे आहेत, पण कंत्राटदारांकडे असलेल्या आपल्या बहुसंख्य मंडळींना कतारचा २००४ चा कामगार कायदा लागू आहे. त्याच्या कलम ८२ मध्ये आजारपणाची रजा आहे : तीन महिने नोकरी झालेल्याला दोन आठवडे पूर्ण पगारी, पुढचे चार आठवडे अर्ध्या पगारी. मालकाला मान्य असलेल्या डॉक्टरचा दाखला लागतो. एवढंच. म्हणजे सुपरवायझरला सांगावं लागतं. इथेच सगळं अडतं. आईच्या गुडघ्यासाठी अर्जात कारण पानभर लिहिणारा माणूस स्वतःसाठी 'पर्सनल' लिहितो.

आता माझं जुनं तुणतुणं. बायकांच्या स्वच्छतागृहात झाकणाची टोपली असते, पुरुषांच्या कप्प्यात नसते. ओलं पॅड माणसाने खिशात घालून घरी न्यायचं का? ब्रिटनमध्ये प्रोस्टेट कॅन्सर यूके ही संस्था यासाठी मोहीम चालवते. माझा पक्का संशय आहे की जगातल्या सगळ्या मुताऱ्यांचे आराखडे तिशीतल्या पुरुषांनी काढलेत. पुरावा माझ्याकडे नाही, पण मुताऱ्या मी पुष्कळ बघितल्या आहेत.

तेव्हा गणपतीच्या समितीला विनंती. हॉलचं बुकिंग करताना पुरुषांच्या स्वच्छतागृहातल्या एका कप्प्यात झाकणाची टोपली ठेवायला सांगा. हॉलवाल्याने नाही म्हटलं तर मला फोन करा. टोपली मी आणतो, पिशव्याही माझ्याच.