आखूड नळी, लांबची गोळी

मिरजगावच्या शिवारात ज्वारी हुरड्यात आली की राखणीची चर्चा सुरू होते आणि अधूनमधून ती बंदुकीच्या परवान्यावर येऊन थांबते. डुकरं एका रात्रीत वावर लोळवतात, हरणं कोवळा हरभरा खुडून नेतात. फटाके, बुजगावणी, रात्रभर वाजणारा भोंगा, जनावरांना सगळ्याची सवय होते. मग पारावर कुणीतरी म्हणतं, ‘‘रायफलच घ्यावी. आखूड, हलकी, मोटरसायकलवर नेता येईल अशी.’’ डोळ्यांसमोर असते ती काउबॉय सिनेमातली लिव्हरची बंदूक. पुढचा प्रश्न ठरलेला: घ्यायची तर कुठल्या बोअरची?

गोळी किती मोठी आणि किती लांब मारते, एवढंच मग बोललं जातं. सपाट माळरान, पावला-पावलावर वस्त्या आणि पहाटे पाणी धरायला निघालेली माणसं असा ज्या गावाचा नकाशा आहे, तिथे गोळी किती लवकर थांबते हे आधी विचारायला हवं. परवाना देणारा कायदाही ते विचारत नाही.

लिव्हरच्या बंदुकीची रचना पाहिली तर तिच्या काडतुसाचं गणित कळतं. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर उडतं, घोडा मागे बसतो आणि नळीखालच्या लांब पुंगळीतून नवं काडतूस वर येतं. कडी वर दाबली की बंदूक तयार. त्या पुंगळीत काडतुसं एकामागे एक आडवी असतात, म्हणजे मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, नेमकं पेट घेणाऱ्या टिकलीला टेकलेलं असतं. नाक टोकदार असलं तर धक्क्याने पुंगळीतच बार होऊ शकतो. म्हणून या बंदुकीसाठी गोळी चपट्या नाकाची करतात. चपटं नाक हवा कापत नाही, त्यामुळे लांब अंतरावर वेग झपाट्याने उतरतो. अमेरिकेतले शिकारी याला उणीव मानत आले. मिरजगावात हाच गुण ठरला असता.

विंचेस्टर या अमेरिकन कंपनीच्या १८७३ सालच्या रायफलीचं .४४-४० हे काडतूस पुढे कोल्टने रिव्हॉल्व्हरलाही घेतलं. कमरेला आणि खांद्याला एकच काडतूस, ही सोय गुराख्यांना भावली. १८९५ मध्ये .३०-३० आलं. ते धूरविरहित दारूचं, साधारण ११ ग्रॅमच्या गोळीचं. आजही अमेरिकेत लिव्हर म्हटलं की बहुतेकांना तेच आठवतं. त्याउलट .३५७ मॅग्नम हे मुळात १९३५ चं रिव्हॉल्व्हरचं काडतूस. रिव्हॉल्व्हरमधून ते सेकंदाला पावणेचारशे मीटरच्या आसपास जातं. सोळा इंची नळीत दारूला जळायला जागा मिळते आणि वेग पाचशेच्या वर चढतो. लांब रायफलीचं काडतूस आखूड नळीत घातलं की उलटं होतं. दारू पुरती जळत नाही, तोंडाशी जाळ, कानठळ्या, आणि बंदूक हलकी म्हणून खांद्याला लाथ जबर. निव्वळ तंत्र पाहिलं तर आखूड लिव्हरला रिव्हॉल्व्हरच्या जातीचं काडतूस शोभतं, आणि भारी जनावर असेल तर .३०-३०. त्यापुढची हौस खांद्याने भोगायची.

पण ही निवड अमेरिकेतल्या दुकानातली. भारतात खासगी माणसाला परदेशी बंदूक आणायची वाट १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद आहे. नामांकित नेमबाजांना काही सवलत, बाकीच्यांना नाही. इथे लिव्हर दिसते ती आजोबा-पणजोबांच्या वारशातली. तिची काडतुसं मिळवता मिळवता नातू थकतो.

नव्या परवान्यावर रायफल म्हटलं की हाती येते ती ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५. हा आकडा आला कुठून, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. लष्कराच्या गोळ्या चोरीला गेल्या तरी रयतेच्या बंदुकीत बसता कामा नयेत, ही इंग्रज सरकारची भीती. १९०७ च्या सुमारास .४५० बोअरवर हिंदुस्थानात बंदी आली, तेव्हा लंडनच्या कारागिरांनी हत्ती-वाघांच्या शिकारीसाठी .४६५ आणि .४७० अशी नवी काडतुसं पुढे आणली. आफ्रिकेत गाजलेल्या या बोअरांमागे कलकत्त्याच्या सचिवालयातला एक हुकूम आहे. तोच न्याय .३०३ ला लागला आणि तिच्या जागी ऑस्ट्रियाच्या लष्करी मानलिखर रायफलीचं ८ मिलिमीटरचं काडतूस .३१५ या नावाने रुजलं. इंग्रज गेले, आकडा राहिला.

आजही कायदा प्रामुख्याने व्यास मोजतो आणि काडतूस लष्कराचं आहे का ते पाहतो. .३०३ आणि ७.६२ निषिद्ध, .३१५ चालते. सुमारे १६ ग्रॅमची ही गोळी सेकंदाला सहाशे मीटरहून वेगाने निघते. डुकराच्या अंगावर पडो वा बांधावर, तिला .३०३ पेक्षा गरीब कुणी समजू नये. त्यावर कडी म्हणजे ईशापूरचीच .३०-०६ रायफलही परवान्यावर मिळते. ते १९०६ साली अमेरिकन लष्कराने स्वीकारलेलं, दोन्ही महायुद्धांत वापरलेलं काडतूस. त्याच्या आणि निषिद्ध ७.६२ च्या गोळीचा व्यास एकच! कागदावर एकावर बंदी, दुसरं मोकळं. वस्तीवर झोपलेल्या माणसाला या फरकाचा काय उपयोग?

मग मिरजगावच्या शेतकऱ्याने काय घ्यावं? उत्तर जुनं आहे आणि रुबाबाचं नाही: बारा बोअर. गुळगुळीत नळी, छऱ्याचं काडतूस. पक्ष्यांचा बारीक छर्रा दोन-अडीचशे मीटरांत जमिनीवर येतो, जाड छर्रा सहाशेच्या आसपास. रायफलची गोळी नळी जरा वर राहिली तर काही किलोमीटर जाते. जिला पोरांची म्हणून हिणवतात ती .२२ सुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे पोहोचते. छऱ्याचा नेमका मारा पस्तीस-चाळीस मीटरांचा, आणि ज्वारीच्या बांधावर टॉर्चच्या उजेडात त्यापलीकडे दिसतं तरी काय? काडतुसंही घरची: १८६९ पासून चालू असलेला खडकीचा दारूगोळा कारखाना, ‘केएफ’चा शिक्का आणि ‘शक्तिमान’ हे नाव जुन्या परवानेधारकांना तोंडपाठ. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम १३ सुद्धा याच बाजूचं. संरक्षणासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक किंवा पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला ते रायफलवाल्यापेक्षा सोपी वाट देतं.

लिव्हरचीच हौस असेल तर जॉन ब्राउनिंगने १८८७ मध्ये विंचेस्टरसाठी लिव्हरची बारा बोअरही बनवली होती. ‘टर्मिनेटर २’ मध्ये श्वार्झनेगर मोटरसायकलवर गरगर फिरवतो ती त्याच घराण्यातली, नळी कापलेली. इथे मात्र परवानगीशिवाय नळी कापणं हा गुन्हा आहे. दुनळीला करवत लावून ‘आखूड’ करणाऱ्या हौशी लोकांनी त्याच अधिनियमाचं कलम ६ वाचून घ्यावं.

बोअर ठरली तरी जनावर कुठलं हा प्रश्न उरतोच. मिरजगाव ज्या कर्जत तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात १९८० पासून रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. कळपांना हद्द कळत नाही, ते रानात येतात. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. मारलं तर किमान तीन वर्षांची कैद. त्याच्यापुढे कुठलीच बोअर कामाची नाही, तिथे कुंपण आणि वेळेवर भरपाई हेच मागायला हवं. डुकरासाठीसुद्धा वनखात्याची लेखी परवानगी आधी, बार नंतर. बिबट्याचं नाव काढून रायफल मागणाऱ्यांनी डिसेंबर २०२० आठवावा. आष्टी आणि करमाळा या शेजारच्याच तालुक्यांत माणसं मारणारा बिबट्या वनखात्याच्या आदेशानंतर करमाळ्यात टिपला गेला, तो अकलूजच्या धवलसिंह मोहिते-पाटलांच्या हातून. ते काम नेमून दिलेल्या नेमबाजाचं. घरच्या बंदुकीची बोअर त्यावर ठरत नसते.

बदल व्हायला हवा तो वर्गवारीत. काडतुसाची ताकद आणि गोळीचा पल्ला हे मोजता येणारे आकडे आहेत, परवान्याची पायरी त्यांवर बांधता येते. लवकर वेग हरवणारी चपट्या नाकाची गोळी आणि लांबवर वेग टिकवणारी गोळी यांना एकाच रांगेत उभं करू नये. तोवर निदान एक करता येईल. अर्जदाराचं चारित्र्य पोलीस तपासतात, गुन्हे पाहतात, हत्यार ठेवायची जागा बघतात. शेत मात्र कुणी पाहत नाही. तलाठ्याकडे सातबारा आहे, गटाचा नकाशा आहे. वस्ती कुठल्या दिशेला, रस्ता किती अंतरावर, मधे टेकाड आहे की नुसतं माळ, हे त्यावर अर्ध्या तासात लिहून होईल. आणि आवश्यक वाटेल ती चौकशी करायचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आजच्या कायद्यातच आहे.