जयंती करायची तर चित्रपट दाखवा

३० एप्रिल ही दादासाहेब फाळक्यांची जयंती आणि ३ मे हा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला तो दिवस. दरवर्षी या दोन तारखांना तसबिरींना हार पडतात, वर्तमानपत्रांत लेख येतात. पण त्या चार रिळांच्या चित्रपटातली पहिली आणि शेवटची रिळेच आज उरली आहेत, आणि तीही १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रीकरणातली असावीत, असे काही अभ्यासक मानतात. बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'ची गत याहून वाईट. कर्जापायी जमीन गमावून शहरातल्या गिरणीची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा १९२५ साली पडद्यावर आली. त्या शेतकऱ्याचे काम तरुण व्ही. शांताराम यांनी केले होते. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या पट्ट्यातल्या, माणसाला आजही आपला वाटेल असा हा मूकपट, पण २०२५ मध्ये त्याची शंभरी भरली तेव्हा दाखवायला एक प्रतही नव्हती. जुनी नायट्रेट फिल्म पेट घेते, कुजते, तिचा भुगा होतो. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत शेकडो जुन्या चित्रपटांची नायट्रेट रिळे जळाली. स्मरणदिन पाळल्याने रिळे वाचत नाहीत.

म्हणून जयंत्या बंद कराव्यात असे मात्र नाही. तारीख जवळ आली की रखडलेली कामे हलतात. राज कपूर यांच्या जन्मशताब्दीला, डिसेंबर २०२४ मध्ये, त्यांचे दहा चित्रपट चाळीस शहरांतल्या १३५ चित्रपटगृहांत शंभर रुपये तिकिटात दाखवले गेले, आणि त्या निमित्ताने जुन्या प्रतींची दुरुस्तीही पार पडली. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुमारे २,२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले. तेव्हा पैसा अजिबातच नाही, अशी तक्रार करता येणार नाही. प्रश्न आहे तो हे चित्रपट कुठवर पोहोचतात याचा. चाळीस शहरांची यादी कितीही वाढवली, तरी गोंदिया तालुक्यातल्या बिरसीसारख्या गावाचा नंबर त्यात कधी लागणार? बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून धावपट्टी आहे. विमान उतरते तिथे चित्रपटाची एक फाईल पोहोचवणे अवघड नसावे.

यावर पहिला आक्षेप असा की सगळे मोबाईलवर मिळतेच. मिळते, पण बहुधा फिकट चित्राचे, घोगऱ्या आवाजाचे, कधी मधूनच कापलेले. शिवाय 'संत तुकाराम'सारखा चित्रपट पाहणे ही माणसांनी एकत्र बसून करायची गोष्ट आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: खेड्यात काळा-पांढरा चित्रपट पाहायला येणार कोण? झाडीपट्टीला हा प्रश्न विचारूच नये. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या निमित्ताने इथे गावोगावी नाटके लागतात. थंडीत तिकीट काढून आलेला प्रेक्षक पहाटेपर्यंत बसतो, त्यात बायाबापड्या असतात आणि पोरेही. आई-बाप, सासू-सून, जमीन आणि लग्न हे या नाटकांचे विषय. शांताराम यांचा 'कुंकू' (१९३७) याच मातीतला आहे. फसवून म्हाताऱ्याशी लावलेले लग्न शांता आपटेंची नीरा मान्य करत नाही, आणि केशवराव दात्यांचा नवरा हळूहळू आपला अपराध ओळखतो. नाटकातल्या संवादांवर टाळ्या देणारा हा प्रेक्षक नीराला नाकारेल, असे मानायला काहीही आधार नाही. त्याला कुणी तो चित्रपट दाखवलेलाच नाही, एवढेच.

पुढच्या तारखा ठरलेल्याच आहेत. १८ नोव्हेंबर २०२६ ला शांताराम यांची १२५वी जयंती, १ जून २०२९ ला प्रभात फिल्म कंपनीची शंभरी, ६ फेब्रुवारी २०३२ ला पहिल्या मराठी बोलपटाची, 'अयोध्येचा राजा'ची. यातली पहिली तारीख दिवाळीनंतर दहा-बारा दिवसांनी, ऐन मंडईच्या दिवसांत येते. जिल्हा प्रशासनाने पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आतापासूनच 'कुंकू'ची चांगली प्रत मागावी. ग्रामपंचायतींनी मंडईतली एक रात्र त्यासाठी राखून ठेवावी, आणि त्याची सुरुवात बिरसीपासून करावी.