बहाव्याचा हिशेब

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याच्या गोष्टी सांगू नयेत, हे मला कळते. पण फराळ समोर असला की चैत्रातले ऊनसुद्धा आठवायला बरे वाटते.

आमच्या आत्याबाई चारठाण्याच्या. जिंतूर तालुक्यातल्या या जुन्या देवळांच्या गावात, माळवदाच्या घरात त्या एकट्या राहतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मार्चमध्ये त्यांना मुंबईला आणले, आणि आता परत पाठवायचे नाही, असा घाट आम्ही नवराबायकोने घातला. डॉक्टरांनी हिंडाफिरायला मोकळीक दिली, त्याच रविवारी त्यांना भायखळ्याला राणीच्या बागेत नेले. मुंबईची बाजू मांडायला मला झाडांइतका चांगला वकील सापडला नाही!

गर्दी सगळी पेंग्विनकडे. वास्तविक १८६२ साली ही बाग उघडली ती झाडांसाठी. प्राणी मागाहून आले. आम्ही आधी उर्वशी गाठली. ब्रह्मदेशातले हे झाड. तांबड्या फुलांचे झुबके झुंबरासारखे खाली लोंबतात, त्यावर पिवळे ठिपके. बहर ओसरत आला होता, तरी आत्याबाई नव्या डोळ्याने एकेक ठिपका पाहत राहिल्या. कैलासपतीची फुले फांद्या सोडून थेट खोडावर आलेली. आतला फणा आणि पिंडी पाहून त्यांनी हातच जोडले. हे झाड दक्षिण अमेरिकेतले, हे मी सांगितले नाही. काय गरज?

गोरखचिंच मात्र निष्पर्ण उभी होती.

"हिला पाणी घालत नाहीत का रे?"

"घालायला नको, आत्या. ही आफ्रिकेची. पाणी खोडात साठवते आणि उन्हाळ्यात पाने टाकून देते."

"म्हणजे आपल्या परभणीकडचीच म्हण की!" म्हणून त्यांनी तिच्या बुंध्यावर थाप मारली.

मी मनात खूश. डाव जमत होता. तेवढ्यात वळणावर बहावा दिसला. पिवळे घोस नुकतेच सुटू लागले होते. आत्याबाई थबकल्या आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजू लागल्या.

"बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस. माळवदावर माती टाकायची राहिलीय, बाबा. मला गेलं पाहिजे."

"गडी लावून करून घेऊ की."

"गडी माती टाकेल. उतार कोण बघेल? पाणी कुठे मुरतं, ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? आणि आता तर मला दिसतंय!"

यावर काय बोलणार? पेंग्विन राहिलेच. सोमवारी देवगिरी एक्स्प्रेसचे तिकीट काढले. सौभाग्यवती दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. बागेची कल्पना माझी होती ना!

जूनमध्ये आत्याबाईंचा फोन आला. बहाव्याचा हिशेब आठ दिवसांनी चुकला होता. माळवद मात्र कुठेही गळले नव्हते.