पासबुकातले चारित्र्य

बँकेत खाते उघडताना तुम्हा-आम्हाला कोणी विचारत नाही की बाबा रे, तू सज्जन आहेस का? नाव, पत्ता, फोटो, सही, झाले. पण देहविक्रय करणाऱ्या बाईने हाच अर्ज पुढे सरकवला की सगळे अडते ते 'व्यवसाय' या रकान्यापाशी. वास्तविक १९५६ च्या कायद्याने कुंटणखाना चालवणे, दलाली करणे हे गुन्हे ठरवले. सज्ञान स्त्रीने स्वेच्छेने हे काम करणे हा तेवढ्यानेच गुन्हा होत नाही.

१९९५ साली कोलकात्याच्या सोनागाछीतल्या बायकांनी 'उषा' ही स्वतःची सहकारी संस्था काढली. नोंदणीच्या वेळी चांगल्या चारित्र्याची अट आडवी आली. 'गृहिणी' म्हणून नोंद करा, अशी पळवाट त्यांना सुचवण्यात आली. त्यांनी ती नाकारली! शेवटी सरकारलाच वाट करून द्यावी लागली. पुढे २००७ मध्ये मुंबईच्या कामाठीपुऱ्यात 'संगिनी' उभी राहिली.

या संस्थांचे कौतुक आपण सगळेच करतो. मला मात्र त्या कौतुकात आपली सोय दिसते. त्यांची वेगळी पेढी झाली, आता त्या आपल्या रांगेत नकोत! बँकेतल्या ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. म्हणजे जिची कमाई सर्वांत असुरक्षित, तिचीच ठेव बिनविम्याची.

कागदपत्रे नसतात, हे बँकांचे नेहमीचे उत्तर. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांत 'लघु खाते' आहे. त्याला फोटो आणि अधिकाऱ्यासमोर केलेली सही पुरते; शिल्लक पन्नास हजारांच्या आत ठेवायची, हे त्यावरचे एक बंधन. शिवाय १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांना पत्त्याच्या पुराव्याशिवाय, एड्स नियंत्रण यंत्रणेच्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर आधार कार्ड द्यायला सांगितले. त्यावरून धंदा ओळखू येईल अशी कोणतीही खूण नको, हेही बजावले.

आम्हा गोंयकारांना पत्त्याची गोष्ट वेगळी सांगायला नको. २००४ साली वास्कोला बायणा किनाऱ्यावरची वस्ती पाडली. घर पाडले की पत्त्याचा पुरावाही त्याच ढिगाऱ्यात जातो. मग पैसे ठेवायचे कुठे? घरवालीकडे, नाहीतर सावकाराकडे. तिथे पासबुक नसते आणि हिशेब दुसऱ्याच्या तोंडी असतो.

काळ्या पैशाची भीती असेल तर बँकेने रकमा तपासाव्यात, जशा माझ्या तपासते. आणि खाते नाकारायचेच असेल तर कारण लिहून, खाली सही करून द्यावे. तोंडी नकारावर अपील कुठे करणार?