दोनांतले दुसरे पद
नेपाळात ४६० गाउँपालिका आहेत. २०१७च्या कायद्यानुसार पक्षाने अध्यक्ष व उपाध्यक्ष दोन्ही पदे लढवली, तर एका पदावर बाई उभी करावीच लागते. पक्षांनी दिली, पण बहुतेक ठिकाणी दुसऱ्या पदावर! त्या वर्षी महिला अध्यक्ष झाल्या फक्त ११. २०२२मध्ये युत्या झाल्या. पक्षाने एकच पद लढवले की नियम लागूच नाही, मग कितीतरी उपाध्यक्षपदेही पुरुषांकडे गेली. मैत्रिणींनो, न्यायिक समितीची प्रमुख उपाध्यक्षच असते. नवरा अन्नवस्त्र देत नाही, ही तक्रार तिच्यापुढेच येते. महाराष्ट्रात सरपंचपदच राखीव असते. (नवरेच कारभार हाकतात, हे दुखणे वेगळे.) नेपाळातही अध्यक्षपदच राखीव हवे.