निळे फूल आणि कोरवंजीचा भूगोल

रामदासपेठेतल्या माझ्या घरी रविवारी सकाळी मराठीच्या एम. ए.चे तीन-चार विद्यार्थी येतात. गेल्या महिन्यात त्यांपैकी एका विद्यार्थिनीने जर्मन कवी नोव्हालिस याच्यावर टिपण वाचले. टिपण नेटके होते. फ्रीड्रिख फॉन हार्डेनबेर्ग हे त्याचे मूळ नाव. १७७२ साली जुन्या सरदार घराण्यात जन्म. वयाच्या पंधराव्या वर्षी वारलेली वाग्दत्त वधू सोफी. त्या शोकातून उमललेली रात्रीची सूक्ते. अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीतले निळे फूल. आणि १८०१ मध्ये, वयाची एकोणतीस वर्षेही पुरी होण्याआधी मृत्यू. रोमँटिक कवीचे चरित्र जसे असावे असे आपल्याला वाटते, अगदी तसे.

मी सहज विचारले, ‘त्याच काळात मराठीत लिहिणारा, राजघराण्यातला कोणी कवी सांगता येईल?’ एकाने होनाजी बाळा आणि प्रभाकर यांची नावे घेतली. पण ते तर शाहीर. तंजावरच्या सरफोजीराजांचे नाव कोणाच्याही ओठी आले नाही. हा दोष विद्यार्थ्यांचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे, असे माझे मत आहे.

सरफोजींचा जन्म १७७७चा, म्हणजे ते नोव्हालिसहून अवघ्या पाच वर्षांनी लहान. तुळजाजीराजांनी १७८७ साली मृत्यूपूर्वी त्यांना दत्तक घेतले आणि श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाती सोपवले. हा श्वार्ट्झ हाल्लेच्या धर्मपीठात घडून १७५० साली हिंदुस्थानात आला होता. हाल्ले हे नोव्हालिसच्या वाइसेनफेल्स गावाच्या शेजारचेच शहर. ज्या पायटिस्ट धर्मभावनेचा वारसा नोव्हालिसला घरातून मिळाला, तिचीच एक शाखा कावेरीकाठी एका भोसले राजपुत्राला शिकवत होती. १७९८ साली ‘नोव्हालिस’ हे टोपणनाव ‘परागकण’ या अर्थाच्या स्फुटसंग्रहावर प्रथम छापले गेले. त्याच वर्षी श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. हा केवळ योगायोग आहे आणि त्यावरून प्रभाव वगैरे सिद्ध करण्याचा माझा हेतू नाही. पण तुलनेसाठी इतकी जवळची जोडी सहसा सापडत नाही.

तुलना करायची तर आधी नोव्हालिसची आपली प्रतिमा दुरुस्त करावी लागेल. हा स्वप्नाळू कवी पोटासाठी सॅक्सनीच्या मिठागर-खात्यात नोकरीला होता. सोफीच्या मृत्यूनंतर त्याने फ्रायबेर्गच्या खाणविद्येच्या अकादमीत शिक्षण घेतले. १८०० साली कोळशाच्या साठ्यांच्या पाहणीतही भाग घेतला. गणित, रसायन, वैद्यक आणि काव्य यांना एका सूत्रात ओवणाऱ्या कोशासाठी त्याने शेकडो टिपणे लिहून ठेवली. त्याच्या निळ्या फुलाच्या कादंबरीतही एक म्हातारा खाणकामगार आहे. ज्ञान आणि काव्य ही दोन वेगळी दालने आहेत, हे त्याला मान्यच नव्हते.

आता सरफोजींच्या नावावर असलेले ‘देवेंद्र कोरवंजी’ हे मराठी नाटक पाहा. कोरवंजी हा तमिळ प्रदेशातला नाट्यप्रकार. डोंगरावरची भविष्य सांगणारी स्त्री विरहिणी नायिकेकडे येते, आपल्या मुलखाचे वर्णन करते, हात पाहते आणि मीलनाचे भाकीत करते. या चौकटीत सरफोजींनी पृथ्वीचा भूगोल बसवला. डोंगराचे वर्णन करणारी कोरवंजी येथे खंडे, देश, समुद्र यांची ओळख करून देते आणि तीही गाण्यातून. नव्या विद्येसाठी त्यांनी परके पाठ्यपुस्तक जसेच्या तसे उचलले नाही. रंगभूमीवर रुळलेल्या एका भटक्या स्त्रीच्या तोंडी ती घातली. त्यांच्याच आश्रयाने तंजावरात देवनागरी छापखाना निघाला आणि १८०६ साली इसापनीतीचा मराठी अनुवाद ‘बालबोधमुक्तावली’ छापला गेला.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे, की ही माहिती झाली, काव्य कोठे आहे? देशांची नावे चालीत म्हटल्याने कविता होत नाही. नोव्हालिसच्या सूक्तांतली आर्त उत्कटता कोरवंजीत नाही, हे मी मान्य करतो. पण एक गोष्ट मला अस्वस्थ करते. सरफोजींनी आपल्या गुरूच्या थडग्यावर स्वतः रचलेल्या शोकपर ओळी कोरवल्या. त्या इंग्रजीत आहेत. म्हणजे या राजाने आपला खाजगी शोक परभाषेत मांडला आणि सगळे जग मराठीत आणले. काव्य म्हणजे केवळ आत्मनिष्ठ उद्गार, ही पुढे केशवसुतांनंतर रुजलेली कसोटी लावली, तर त्यांच्या पदरात इंग्रजीतल्या त्या ओळीच पडतील आणि मराठीतला उद्योग वाया जाईल. जी कसोटी खुद्द नोव्हालिसलाही अर्धाच पाहू देते, ती आपण तपासून घ्यायला हवी.

दुसरे कारण भूगोलाचे आहे. मराठी नाटकाचा आरंभ आपण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांपासून शिकवतो. त्याच्या दीडशे वर्षे आधी तंजावरात शहाजीराजे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ लिहीत होते, ही गोष्ट मात्र तळटीपेत जाते. ‘तंजावरची परंपरा पुढे खंडित झाली’ एवढे एक वाक्य त्यासाठी पुरेसे मानले जाते.

विदर्भातल्या माणसाने तरी हे वाक्य सहज स्वीकारू नये. महानुभावांचे गद्यही शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत बंद होते. विसाव्या शतकात ते उलगडले गेले आणि वि. भि. कोलते यांनी याच नागपुरात बसून ‘लीळाचरित्रा’ची संहिता सिद्ध केली; १९७८ साली ती प्रसिद्ध झाली. तेव्हा कुठे मराठी गद्याचा आरंभ या बाजूला सरकला. नागपूर आणि तंजावर ही दोन्ही भोसल्यांची राज्ये कंपनीने वर्षभराच्या अंतराने, १८५४ आणि १८५५ साली, वारसाच्या नावाखाली खालसा केली. नागपूरकरांचे जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात गेले. तंजावरचे सरस्वती महाल मात्र वाचले आणि १९१८ पासून ते सार्वजनिक ग्रंथालय आहे. तेथे मराठी पोथ्या आणि मोडी कागद आजही वाचकाची वाट पाहत आहेत.

नोव्हालिस अभ्यासक्रमातून काढावा असे मी म्हणत नाही. उलट तो नीट, खाणीसकट शिकवावा. मात्र त्याच तासाला सरफोजींची कोरवंजीही वर्गात यावी. त्या विद्यार्थिनीने पुढच्या टिपणासाठी हा विषय मागून घेतला आहे. मोडी तिला अजून येत नाही. आता शिकायचे म्हणते.