पहिला रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे



गुंगालिनमध्ये शनिवारी दोन मराठी घरं जेवायला एकत्र आली की गप्पा पी.आर.वर येतातच. पॉइंट्स, इंग्रजीची परीक्षा, मग मेडिकल. त्यातल्या एका तपासणीचं नाव मात्र हळूच घेतलं जातं. पी.आर.साठी अर्ज करणाऱ्या १५ वर्षं व त्यावरील प्रत्येकाला एच.आय.व्ही.ची रक्ततपासणी करावी लागते. मध्यंतरी एका मित्राला "पुन्हा रक्त द्यायला या" असा फोन आला. कारण कोणी सांगितलं नाही. पठ्ठ्या चार रात्री झोपला नाही, बायकोशीही बोलला नाही.

मी काही डॉक्टर नाही, पण सॉफ्टवेअरवाला असल्याने 'फॉल्स पॉझिटिव्ह' हा माझ्या रोजच्या डोकेदुखीचा विषय. म्हणून त्याला कागदावर गणित मांडून दाखवलं.

भारतात प्रौढांमध्ये एच.आय.व्ही.चं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. म्हणजे १०,००० जणांत २०. समजा पहिली चाचणी हे वीसही जण पकडते, पण निरोगी माणसांपैकी ०.५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. ९,९८० चे ०.५ टक्के म्हणजे जवळजवळ ५० माणसं! एकूण ७० पॉझिटिव्ह, त्यांतली खरी २०. चाचणी '९९.५ टक्के अचूक' असूनही! यात लॅबची चूक नाही. पहिली चाचणी मुद्दाम संशयी ठेवलेली असते, कोणी सुटू नये म्हणून. नंतर वेगळ्या पद्धतीच्या चाचणीने खातरजमा करतात. त्याच किटने पुन्हा तपासलं तर तीच चूक पुन्हा होऊ शकते. भारतात नॅकोच्या केंद्रांतही तीन वेगवेगळ्या चाचण्या जुळल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत.

निगेटिव्हचंही ऐका. संसर्गानंतर लगेच काही दिसत नाही. रक्त काढून लॅबमध्ये केलेल्या आधुनिक चाचणीला १८ ते ४५ दिवस लागतात, बोटातल्या थेंबावर होणाऱ्या झटपट चाचणीला ९० दिवसांपर्यंत. गोवा सरकारने २००६ साली लग्नाआधी ही तपासणी सक्तीची करायचं ठरवलं, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. आजही डिसेंबरच्या सुट्टीत मुलगी बघायला भारतात जाणाऱ्याकडे पत्रिकेसोबत 'तो रिपोर्ट' मागणारे आहेत. मागू देत, पण कालचा रिपोर्ट कालच्या आठवड्याबद्दल काहीच सांगत नाही. आणि भारतातल्या २०१७ च्या कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, हेही भावी सासऱ्यांना सांगावं (जमलं तर!).

खातरजमेनंतरही पॉझिटिव्ह आला तर? व्हिसा आपोआप नाकारला जातो हा आपल्याकडचा गैरसमज. इतर आजारांप्रमाणेच उपचाराचा अंदाजे खर्च मोजतात. ती मर्यादा जुलै २०२४ मध्ये ५१,००० वरून ८६,००० डॉलर झाली. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

गुपचूप तपासून घ्यायचं असेल तर गॅरनला कॅनबेरा हॉस्पिटलमध्ये कॅनबेरा सेक्शुअल हेल्थ सेंटर आहे. पैसे लागत नाहीत, मेडिकेअर कार्डही नाही.

मित्राचा दुसरा रिपोर्ट निगेटिव्ह आला. बायकोला त्याने अजून सांगितलेलं नाही, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही.